डावीकडचा रकाना

वर्तमानपत्रात असताना त्यांना ‘नेमबाज’ हे नाव पडलं आणि ते आयुष्यभर चिकटलं. मैदानावर बाकीचे फोटोग्राफर धडाधड वीस-वीस फोटो काढायचे आणि त्यातला एखादा तरी नीट निघेल अशा आशेवर असायचे. हे मात्र डावा डोळा मिटायचे, लेन्सची कडी बोटांनी केसभर फिरवायचे आणि बटण एकदाच दाबायचे. खेळाचं पान बघणारे साहेब एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, “हा माणूस फोटो काढत नाही, नेम धरतो.” झालं. त्या दिवसापासून घरचं नाव फक्त पगाराच्या पावतीपुरतं उरलं.

पुढे फिल्म गेली, डिजिटल आलं. कॅमेरे स्वतःच डोळा शोधायला लागले, स्वतःच फोकस करायला लागले. नेमबाजांनीही नवा कॅमेरा घेतला, पण जुन्या लेन्स बदलल्या नाहीत. एका बाजूला नवा कॅमेरा आणि दुसऱ्या बाजूला तीस वर्षांची जुनी लेन्स अशी सोयरीक जुळवणारी बोटभर जाडीची एक धातूची कडी मिळते, तिला अडॅप्टर म्हणतात. ती बसवली की लेन्सला वाचा फुटते, मात्र फोकस हातानेच करावा लागतो. नेमबाजांना तेच हवं होतं. “मशीनला काय कळतंय मला काय बघायचंय ते?” असं ते म्हणायचे, आणि ऐकणारा मान हलवायचा, कारण त्यांचे फोटो खरोखरच लख्ख असायचे.

वर्तमानपत्राने फोटो विभाग गुंडाळला तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. वर्षभर घरी बसून बायकोच्या कामात लुडबुड केल्यावर त्यांना सरकारी दप्तरखान्यात काम मिळालं. एका जुन्या प्रसूतिगृहाच्या तळघरात नळ फुटून पाणी साचलं होतं. तिथल्या एकतीस नोंदवह्या भिजल्या होत्या आणि त्यांना बुरशी लागली होती. लग्नाआधी दिवस गेलेल्या, घरच्यांनी हाकललेल्या, कुणीच नसलेल्या बायका तिथे येऊन बाळंत होत आणि मूल ठेवून जात. ते मूल पुढे कुणीतरी घरी नेई. कुठल्या आईचं मूल कुणाकडे गेलं, हे साठ वर्षं त्या वह्यांत लिहिलेलं होतं आणि दुसरीकडे कुठेच नव्हतं. बुरशी इतकी पसरली होती की वह्या ठेवण्यासारख्या नव्हत्या. प्रत्येक पानाचा फोटो काढायचा, मोजदाद करायची आणि वह्या लगदा करायला कागदाच्या कारखान्यात पाठवायच्या असं ठरलं.

मागच्या अंगाला एक खोली दिली होती. खिडकीला काळा पडदा, मधे टेबल, टेबलावर दांड्याला खाली तोंड करून बांधलेला कॅमेरा, दोन्ही बाजूंना दिवे. पानं उलटायला कार्यालयातल्याच एक बाई दिल्या होत्या. चाळिशीच्या, हातात रबरी मोजे, नाकावर मास्क. दिवसभर पानं उलटायची म्हणून सगळे त्यांना पानताई म्हणायला लागले. कार्यालयाने कॅमेऱ्यासोबत नवी कोरी लेन्सही मागवली होती, आपोआप फोकस करणारी. नेमबाजांनी तिचा खोका उघडून बघितला, बंद केला आणि कपाटावर ठेवला.

“वापरणार नाही का?” पानताईंनी विचारलं.

“पाण्याचे डाग, पुसट शाई, त्यावर बुरशी. त्या लेन्सला अक्षर कुठलं आणि डाग कुठला हे कळायला जन्म जाईल. माझी आहे की.”

त्यांच्या जुन्या लेन्सपैकी ही सपाट कागदाचे फोटो काढायलाच बनवलेली होती आणि तिची कडी फिरताना अजून लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरायची. पडद्यावर पानाचा मधला भाग दहा पट मोठा करायचा, शाईची रेघ धारदार दिसेपर्यंत कडी फिरवायची, मग पडद्यावर पूर्ण पान आणून बटण दाबायचं. फोकस जिथे बसला तिथल्या कडा पडद्यावर लाल करून दाखवायचीही सोय कॅमेऱ्यात होती. ती नेमबाजांनी पहिल्याच दिवशी बंद केली. “आपल्याला लाल शाईने शुद्धलेखन तपासून घ्यायची गरज नाही,” ते म्हणाले आणि पानताई मास्कच्या आड हसल्या.

पहिल्या आठ वह्या झाल्या. नवव्या वहीच्या सुरुवातीला एक छोटीशी गोष्ट घडली. लेन्स पुसायला काढताना अडॅप्टर हातातून निसटला, टेबलाच्या कडेवर आपटला आणि फरशीवर गरगरत कपाटाखाली गेला. नेमबाजांनी गुडघे टेकून तो काढला, फुंकर मारली, बोटाने कड चाचपली आणि परत बसवला.

“एकदा तपासून घ्यायचं का?” पानताई म्हणाल्या. “कोपऱ्यातलं वगैरे?”

“ताई, इतकी वर्षं हाच उद्योग केलाय. गडबड असती तर हाताला कळली असती.”

त्यांनी पानाचा मधला भाग मोठा करून बघितला. अक्षर कसं सुईच्या टोकासारखं होतं. त्यांनी बटण दाबलं.

काम सात महिन्यांत संपलं. मोजदाद करणाऱ्यांनी फोटो मोजले. एकही पान सुटलेलं नव्हतं. कार्यालयाच्या प्रमुख बाईंनी छोटा समारंभ केला, नेमबाजांना शाल दिली आणि चार शब्द बोलल्या. पुढच्या आठवड्यात गाडी आली आणि वह्या गेल्या. नेमबाजांना दुसऱ्या कामावर, जुन्या नकाशांवर घेतलं.

चार महिन्यांनी एक बाई दप्तरखान्याच्या चौकशीच्या खिडकीशी आली. अंगावर बस चालवणाऱ्यांचा निळा गणवेश, वय सेहेचाळीस, हातात घडी पडलेला एक कागद. तिची आई वर्षभरापूर्वी गेली होती. जाण्याआधी आईने तिला सांगितलं होतं, की बाळा, मी तुला जन्म दिलेला नाही, आणि हा कागद दिला होता. कागदावर वहीचा नंबर आणि नोंदीचा नंबर होता: तेवीस, आणि एकशे अठ्ठ्याऐंशी.

“मला कुणाच्या दारात जाऊन उभं राहायचं नाहीये,” बसवाली खिडकीतल्या कारकुनाला म्हणाली. “मला फक्त नाव पाहिजे. मनातल्या मनात हाक मारायला तरी.”

कारकुनाने फोटो उघडला आणि चष्मा वर-खाली केला. मग आत येऊन म्हणाला, “नेमबाजकाका, जरा बघता का? आमच्या पडद्यालाच काहीतरी झालंय बहुतेक.”

पडद्याला काही झालेलं नव्हतं. वहीची दोन पानं उघडी होती. मधलं सगळं लख्ख होतं: तारीख, वेळ, मुलगी, वजन, आईचं वय एकोणीस. उजवीकडे मूल नेणाऱ्यांची सही होती आणि आई कुठून आली तेही होतं: कापड गिरणीमागची वस्ती. डावीकडे सरकावं तसं अक्षर मऊ होत गेलं होतं, आणि अगदी डाव्या कडेच्या रकान्यात, जिथे आईचं नाव लिहीत, तिथे ओल्या काचेतून दिसावं तसं करडं काहीतरी होतं. आधी आणि नंतर, त्या पानावरच्या सगळ्या नोंदींत तसंच.

नेमबाजांनी पुढचं पान उघडलं. मग त्याच्या पुढचं. मग बाविसावी वही, पंधरावी, दहावी. नवव्या वहीचं पहिलं पान उघडलं तेव्हा ते मागे टेकले, कारण आठवीचं शेवटचं पान डावीपासून उजवीपर्यंत स्वच्छ होतं.

त्यांनी नकाशांच्या कॅमेऱ्यावरून अडॅप्टर काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला. आतल्या बाजूच्या चार बारीक स्क्रूंपैकी एक सैल होऊन अर्धा वर आला होता. त्यामुळे अडॅप्टरची कडी एका अंगाला कागदभर, जेमतेम कागदभर उचलली गेली होती. लेन्स तिरपी बसत होती. मधे फोकस, उजवीकडे फोकस, डावीकडे नाही. नकाशे लहान होते, कडेपर्यंत जात नव्हते, म्हणून तिथे कळलं नव्हतं. वहीच्या कामात ते रोज पुन्हा पुन्हा तपासत होते, पण नेमकं मधेच.

पानताई दारात उभ्या होत्या. त्यांनी अडॅप्टर बघितला, नेमबाजांकडे बघितलं, आणि परत आपल्या टेबलाकडे गेल्या.

प्रमुख बाईंच्या खोलीत दार लोटून बोलणं झालं.

“किती नोंदी?” त्यांनी विचारलं.

“तेवीस वह्या. अकरा हजारांच्या आसपास.”

प्रमुख बाईंनी दोन्ही हातांनी कपाळ धरलं. मग म्हणाल्या, “वह्या भिजलेल्या होत्या. शाई पसरली होती. असंच होतं ना?”

“नव्हतं. शाई चांगली होती. मी बघितलीये.”

“तुम्ही बघितलीये. आता दुसरं कोण बघणार आहे?” त्यांचा आवाज कडक नव्हता, थकलेला होता. “विचारायला येणाऱ्या माणसाला पाण्याने गेलं सांगितलं तर तो नशिबाला दोष देऊन घरी जाईल. आपल्यामुळे गेलं सांगितलं तर कुणाचं भलं होणार आहे?”

खिडकीवर बसवालीला तसंच सांगितलं गेलं. तिने कागदाची घडी घातली, “बरं” म्हणाली आणि गेली. नेमबाजांनी आतल्या दारातून तिची पाठ बघितली.

घरी त्यांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं. बायको बत्तीस वर्षं त्यांच्याबरोबर काढलेली, ती जागची उठली नाही. शेवटी त्यांनीच सगळं सांगितलं.

“मग तिला जाऊन सांगा खरं,” ती म्हणाली. “नाहीतर तुम्ही काही जेवणार नाही आणि मला रोज दोन वेळा अन्न काढून ठेवावं लागेल.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ते बसच्या डेपोत गेले. बसवाली पाळी संपवून बाकावर बूट काढून बसली होती. त्यांनी उभ्यानेच सगळं सांगितलं: शाई पसरली नव्हती, स्क्रू ढिला होता, एका बाईंनी तपासा म्हणून सांगितलं होतं आणि आपण तपासलं नाही. ती ऐकत होती. मागे एक बस फुर्रकन हवा सोडून उभी राहिली.

“म्हणजे नाव होतं,” ती म्हणाली.

“होतं.”

“तुमच्या डोळ्यांसमोर होतं. तुम्ही वाचलं असेल.”

“रोज शंभर-शंभर नोंदी जायच्या. आठवत नाही.”

तिने बूट घातले, नाडी बांधली. “मग काढा शोधून,” ती म्हणाली. “तुम्ही घालवलंत, तुम्हीच काढा.”

नेमबाजांना हे वाक्य म्हणजे बुडत्याला हात मिळाल्यासारखं वाटलं. शिव्या खायला आले होते, आणि तिने काम दिलं होतं.

त्यांनी आधी एका संगणकवाल्याला गाठलं. त्याने फोटो ओढून ताणून, धार लावून बघितला. “काका, यात जे उतरलंच नाही ते मी कुठून आणू?” तो म्हणाला. “मी सुंदर अक्षर काढून देईन हो, पण ते माझं असेल.” नेमबाजांनी त्याचे आभार मानले आणि त्याचं म्हणणं तिथेच सोडून निघाले.

मग त्यांना एक युक्ती सुचली. बिघडलेला अडॅप्टर तसाच होता, लेन्स तीच, दांडा तोच. त्या काळच्या कारकुनाचं अक्षर मधल्या रकान्यांत स्वच्छ दिसत होतं. ते अक्षर त्यांनी गिरवून गिरवून हाताला बसवलं. तसाच कागद, तशीच शाई, तेवढ्याच मापाचा रकाना. त्यात बायकांची नावं लिहायची, कागद टेबलाच्या डाव्या कडेला तिथेच ठेवायचा आणि त्याच तिरप्या लेन्सने फोटो काढायचा. म्हणजे प्रत्येक नावाचा धूसर डाग मिळेल. मग तो एकशे अठ्ठ्याऐंशीच्या डागाशेजारी ठेवून ताडून बघायचा.

कार्यालय सुटल्यावर रोज तास-दीड तास ते हेच करत. पानताईही थांबायला लागल्या. त्या नावं सांगायच्या, हे लिहायचे. मावश्यांची, मैत्रिणींची, शाळेतल्या बाईंची. सुचतील ती नावं. “किती बायका आहेत हो जगात,” पानताई एकदा म्हणाल्या. सहाशे नावं झाली, सातशे झाली. कुणाचं पहिलं अक्षर जुळायचं पण शेपूट लांब व्हायची, कुणाची लांबी जुळायची पण मधली उभी रेघ दुसरीकडे पडायची.

सातशे चौतिसावं नाव पडद्यावर आलं आणि नेमबाज खुर्चीतून उठले. पहिलं गोल पोटाचं अक्षर, मधे उभी काळी पट्टी, शेवटी वर गेलेला फराटा. त्यांनी दोन्ही डाग एकमेकांवर ठेवले. एकात एक बसले.

“हेच,” ते म्हणाले.

पानताई वाकून बघत राहिल्या. “सारखं दिसतंय खरं. पण असं सारखं दिसणारं आणखी एखादं असेल की.”

“सातशेत एक निघालं, ताई.”

“सातशेच लिहिली आपण.”

पण नेमबाजांच्या अंगात कितीतरी महिन्यांनी ते जुनं वारं भरलं होतं. डावा डोळा मिटला, कडी फिरवली, रेघ धारदार झाली. बोटांना कळायचं तसंच आत्ता कळलं होतं. सकाळीच ते डेपोत गेले आणि बसवालीला चिठ्ठीवर नाव लिहून दिलं.

तिने ते तीनदा वाचलं. ओठ हलले, आवाज आला नाही.

“नक्की?” तिने विचारलं.

एका श्वासाचा वेळ होता. त्या वेळात ‘बहुतेक’ म्हणता आलं असतं.

“नक्की,” नेमबाज म्हणाले.

तिने बसच्या पायरीवर बसून डोळे पुसले आणि त्यांचा हात हातात घेतला. त्या दिवशी त्यांनी घरी येऊन दोनदा वाढून घेतलं आणि बायकोने, “आज कुठे लॉटरी लागली?” असं विचारलं.

बसवालीला फक्त नाव हवं होतं हे खरं, पण नाव हाती आल्यावर माणूस फक्त नावावर थांबत नाही. गिरणीमागच्या वस्तीच्या जुन्या मतदारयादीत तिने बघितलं. त्या नावाची एकच बाई होती आणि वय बरोबर जुळत होतं. बाई अजून तिथेच, त्याच घरात, नवरा, दोन मुलगे आणि सुनांसोबत राहत होती.

दोन महिने काही कळलं नाही. मग एका सकाळी बसवाली दप्तरखान्याच्या खिडकीशी आली आणि तिने नेमबाजांना बाहेर बोलावलं. ती बसली नाही.

“मी गेले होते,” ती म्हणाली. “गुपचूप विचारणार होते, एकटीला गाठून. दार मुलाने उघडलं. मला बोलताच येईना, रडायलाच आलं. आणि मग सगळं घरासमोर निघालं.”

“मग?” नेमबाजांनी विचारलं.

“ती म्हणाली, नाही. शपथ घेऊन म्हणाली. पण मीच म्हटलं ना, दप्तरखान्यातल्या साहेबांनी नक्की म्हणून सांगितलंय. तुमची चिठ्ठी दाखवली. नवऱ्याने ती बघितली आणि उठून आत गेला. थोरल्याने तिला विचारलं, आई, आमच्या आधी कोण? रोज विचारायला लागला. शेवटी त्यानेच माझी आणि तिची डीएनए तपासणी करवली. काल आलं उत्तर.” ती थांबली. “काही संबंध नाही. लांबचाही नाही.”

“माझं चुकलं,” नेमबाज म्हणाले. “अजून नावं आहेत, मी पुन्हा पहिल्यापासून...”

“नको.” तिने हात वर केला. “आता मला दुसरं नाव सांगू नका. कधीच नको.” ती वळली, मग पुन्हा म्हणाली, “बरं होतं हो ते, शाई पसरली म्हणालात ते. त्यात मला जगता आलं असतं.”

त्या रविवारी नेमबाज गिरणीमागच्या वस्तीत गेले. बायको म्हणाली होती, जाऊ नका, तुमच्या जाण्याने त्यांना काय मिळणार आहे. ते तरी गेले. दोन मजली अरुंद घर होतं, बाहेर लोखंडी जिना. थोरल्या मुलाने कोण, कुठले विचारलं आणि ऐकल्यावर दार लावायला घेतलं. आतून आवाज आला, “येऊ दे त्यांना.”

त्या नावाच्या बाई खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. पासष्टीच्या, ठेंगण्या, गुडघ्यावर न विणलेली लोकर. नेमबाजांनी हात जोडले आणि डेपोत सांगितलं होतं तसंच सगळं सांगितलं. या वेळी सातशे चौतिसाव्या नावापर्यंत.

“म्हणजे तुम्ही माझं नाव लिहून बघितलंत,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“ओळख ना पाळख.”

“चूक झाली. पण तपासणीत खोटं ठरलं, निदान एवढं तरी...”

“खोटं ठरलं ते बरंच झालं,” त्या म्हणाल्या. “सगळे माफी मागून गेले. थोरला पाया पडला. ह्यांनी माझ्यासाठी चप्पल आणली नवी. पण ती पोरगी आली त्या दिवसापासून उत्तर येईपर्यंत सतरा दिवस होते. सतरा दिवस माझ्या पोटच्या पोरांनी माझ्याकडे कसं बघितलं ते मी बघितलंय. चाळीस वर्षं ज्याच्याशेजारी निजले तो माणूस तोंड फिरवून निजत होता. ते सतरा दिवस मी आता कुठे ठेवू? सांगता का?”

नेमबाजांनी पुन्हा हात जोडले.

“आणि ती पोरगी,” त्या म्हणाल्या. “वाईट नव्हती हो. मी एकदा म्हणणार होते, असू दे, आहे मी तुझी आई. तिचा चेहरा बघून वाटलं होतं. पण मग ह्या घरात माझं काय राहिलं असतं?” त्यांनी लोकरीचा गुंडा उचलला आणि परत ठेवला. “जा तुम्ही. जिना सांभाळून उतरा, तिसरी पायरी हलते.”

सोमवारी नेमबाज प्रमुख बाईंसमोर उभे राहिले. राजीनामा त्यांनी खिशात नेला होता, पण बाहेर काढला नाही. ते म्हणाले, “मला त्या अकरा हजार नोंदी पुन्हा बघू द्या. एकेक नोंद. काय वाचता येतं, काय नाही, याची यादी करतो. आणि कारण खरं लिहितो.”

“लोक तुमच्या अंगावर येतील,” प्रमुख बाई म्हणाल्या. “माझ्याही.”

“येऊ द्या.”

त्यांनी परवानगीचा कागद मागवून घेतला. मग म्हणाल्या, “शाल परत मागणार नाही मी,” आणि सही केली.

तेव्हापासून ते मागच्या खोलीत बसतात. कॅमेरा दुसऱ्या विभागाला गेला. पानताई नोंदीचा नंबर मोठ्याने वाचतात, नेमबाज डावीकडचा रकाना मोठा करून बघतात आणि टंकतात: ‘आईचं नाव वाचता येत नाही. कारण: छायाचित्रकाराने फोकस तपासला नाही.’ आधी त्यांनी हे वाक्य एकदाच लिहून खाली खाली चिकटवायचं ठरवलं होतं. मग ते प्रत्येक वेळी पहिल्यापासून टंकायला लागले. दिवसाला साठ-सत्तर नोंदी होतात. पहिल्या महिना-सव्वा महिन्यात बारावी वही संपली. कधी एखादं नाव मोठ्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं असतं आणि धुक्यातूनही अर्धंमुर्धं डोकावतं. पानताई वाकतात, म्हणतात, “हे तर सरळ दिसतंय की, हे तर...” आणि नेमबाज म्हणतात, “नको, ताई.” मग तीही नोंद ‘वाचता येत नाही’मध्ये जाते. कदाचित त्यातली काही खरोखर वाचता येण्यासारखी असतील. त्यांचा आता स्वतःच्या डोळ्यांवर तेवढा भरवसा उरलेला नाही, आणि कुणाच्या तरी खऱ्या आईचं नाव आपण आज दुसऱ्यांदा घालवलं का, हे त्यांना कधीच कळणार नाही. हे ते घरी सांगत नाहीत.

खिडकीशी महिन्याला चार-पाच जण येतात. कारकून आत हाक मारतो आणि नेमबाज स्वतः बाहेर जातात. परवा एक गृहस्थ आले होते, पन्नाशीचे, नीट भांग पाडलेले, सोबत बायको. वही सतरा. नेमबाजांनी त्यांना खुर्ची दिली आणि नेहमीसारखं सगळं सांगितलं. गृहस्थांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “पूर्ण नाव नाही तर नाही. निदान पहिलं अक्षर? अंदाजे?”

“नाही,” नेमबाज म्हणाले.

गृहस्थांनी बायकोकडे बघितलं. तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. दोघं उठली, गृहस्थ नेमबाजांना “आभारी आहे” म्हणाले आणि ती दोघं निघून गेली. नेमबाज थोडा वेळ रिकाम्या खुर्चीशी उभे राहिले, मग आत जाऊन बसले. पानताईंनी पुढचा नंबर वाचला.